जर्मनीतले फोटो आणि त्यांच्यामागचे शब्द: तुम्ही काय टिपलंत?

निळीसायकल
नमस्कार मंडळी,

लाइपझिगला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. बाबा साताऱ्याला असतात. प्राथमिक शाळेत गणित शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दर रविवारी फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं: "या आठवड्यात काय पाहिलंस? फोटो धाड." सुरुवातीला मी राजवाडे, पूल, बर्फ असलं सगळं पाठवलं. ते बघायचे आणि गप्प बसायचे. एकदा चुकून आमच्या इमारतीतल्या टपालपेट्यांचा फोटो गेला, त्यावर "कृपया जाहिराती टाकू नयेत" अशी चिठ्ठी होती. त्या एका फोटोवर बाबा वीस मिनिटं बोलले! तेव्हापासून पाट्या, दारं, कचरापेट्या, घड्याळं यांचे फोटो जातात. आणि प्रत्येक फोटोवर त्यांचा प्रश्न येतो, "याला तिथली माणसं म्हणतात काय?"

आता मलाही तीच सवय लागली आहे. शब्द कळेपर्यंत फोटो अर्धाच काढलाय असं वाटतं.

माझे तीन फोटो देते.

फोटो १: बागेतली कचरापेटी. आत जागा आहे, तरी रिकाम्या बाटल्या पेटीत न टाकता खाली रांगेनं उभ्या करून ठेवल्या आहेत.

फोटो २: बांबेर्गमधल्या एका जुन्या घराचं दार. चौकटीवर पांढऱ्या खडूनं लिहिलंय: २०, मग सी, एम, बी ही अक्षरं, मध्ये छोटे क्रूस, शेवटी २५.

फोटो ३: आमच्या गल्लीतल्या बेकरीची पाटी. "रविवारी केक: हाल्ब द्राय पासून." हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी पहिल्या वर्षी याचा अर्थ साडेतीन असा घेतला आणि लेकीच्या बालवाडीतल्या पालकसभेला तासभर उशिरा पोचले. सभा संपली होती, खुर्च्या उचलणं चालू होतं. हाल्ब द्राय म्हणजे अडीच.

पहिले दोन मला माहीत आहेत, ते तुमच्यासाठी कोडं म्हणून. तिसऱ्याबद्दल मात्र खरंच विचारतेय. अर्धा आणि तीन मिळून अडीच कसे होतात? नवीन येणाऱ्या आपल्या लोकांना पक्कं लक्षात राहील अशी काही खूण आहे का? आणि तुमचेही फोटो येऊ द्या, शब्दांसकट.

दोनकटिंग
पहिला माझा! बाटल्यांवरची ठेव, तिला म्हणतात प्फांड. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर किंवा डब्यावर २५ सेंट. पुन्हा भरायच्या बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, पुन्हा भरायच्या पाण्याच्या बाटलीवर बहुधा १५. दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवली की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत.

पावशेर
पण मग पेटीखाली का ठेवतात? घरी नेऊन पैसे घ्यायचे ना.

दोनकटिंग
@पावशेर, बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं असतात. त्यात म्हातारी माणसंही खूप दिसतात. पेटीत टाकली तर त्यांना कचऱ्यात हात घालावा लागतो, काचेनं हात कापतात. म्हणून बाटली बाहेर उभी ठेवायची. हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्याबरोबर बाकावर बसलेल्या सहकाऱ्यानं माझ्या हातातली बाटली घेतली आणि शांतपणे पेटीखाली ठेवली. मला ती फार मोठी गोष्ट वाटली. श्रीमंत देशात म्हातारपणी बाटल्या वेचाव्या लागतात, हेही त्याच फोटोत आहे.

पावशेर
हे माहीत नव्हतं. आमच्याकडे लहानपणी सोड्याची बाटली परत दिल्याशिवाय दुकानदार आठ आणे सोडायचा नाही, ते आठवलं.

राइनकाठ
दुसऱ्या फोटोचं मी सांगतो, आमच्या बॉनमध्येही घरोघरी असतं. ६ जानेवारीच्या आसपास शाळेतली मुलं बाल येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा वेश करून, हातात चांदणी घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात. त्यांना श्टेर्नझिंगर म्हणतात, म्हणजे चांदणीचे गायक. गरजू मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि जाताना दारावर खडूनं लिहून जातात. अक्षरं कास्पार, मेल्खिओर, बाल्थासार या तीन राजांची आहेत असं बहुतेक सांगतात. त्याच अक्षरांत एक लॅटिन वाक्यही बसतं, ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो. दोन्ही बाजूंचे आकडे मिळून वर्ष होतं. म्हणजे तुमचा फोटो २०२५ चा. ते पुसत नाहीत, पुढच्या जानेवारीपर्यंत राहतं.

आता माझा फोटो. मे महिन्याची पहिली सकाळ. समोरच्या इमारतीच्या पावसाच्या नळाला बर्च झाडाची उंच फांदी बांधलेली, तिला लाल, पिवळ्या, निळ्या कागदाच्या पट्ट्या, वर लाकडी बदाम आणि त्यावर एका मुलीचं नाव. ओळखा.

बकुळगंध
बारसं?

दोनकटिंग
वाढदिवस? की गुढी?

राइनकाठ
@दोनकटिंग, उंच, रंगीत आणि दारात उभी, त्यामुळे गुढी मनात येणं साहजिक आहे, पण नाही. हा मायबाउम, मे महिन्याचं झाड. ऱ्हाइनच्या काठच्या गावांत ३० एप्रिलच्या रात्री मुलगा आपल्याला आवडणाऱ्या मुलीच्या घरासमोर हे झाड लावतो. महिनाभर झाड तिथंच. शेवटी तो ते उतरवायला येतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुलीची आई त्याला केक देते आणि वडील बिअरचा क्रेट. लीप वर्षात उलटं, मुलींनी लावायचं. २०२४ साली आमच्या इमारतीतल्या एका मुलीनं मैत्रिणींना घेऊन मध्यरात्री मालवाहू सायकलवरून झाड नेलं, शिडी धरायला मी होतो.

दोनकटिंग
मुलीचे वडील बिअर देतात हे वाचून माझ्या सासऱ्यांना हा धागा पाठवतोय :)

बकुळगंध
लग्नाचा विषय निघालाच आहे तर ब्रेमेनचा फोटो. कॅथेड्रलच्या पायऱ्या, त्यावर बाटल्यांची हजारो बुचं ओतलेली, आणि विचित्र कपडे घातलेला एक माणूस झाडूनं ती झाडतोय. मित्र भोवती उभे राहून हसतायत, त्यानं एका कोपऱ्यात गोळा केली की पुन्हा पसरतायत. तिसावा वाढदिवस आला आणि लग्न झालेलं नसलं तर पुरुषानं या पायऱ्या झाडायच्या, एखाद्या मुलीनं येऊन पापा घेईपर्यंत. बायकांना दारांच्या मुठी घासायला लावतात.

उत्तरेकडे पंचविसाव्या वर्षीचंही आहे. अविवाहित मुलाच्या घरावर जुन्या मोज्यांची माळ लावतात, कारण त्याला म्हणायचं "आल्टे झोके", जुना मोजा. मुलीच्या घरावर रिकाम्या खोक्यांची माळ, कारण "आल्टे शाख्टेल", जुनं खोकं. शब्द न कळता मी त्या खोक्यांच्या माळेचा फोटो काढला होता, सजावट म्हणून आवडला होता. अर्थ कळल्यावर नाही आवडला. आपल्याकडे "घोडनवरी" म्हणतात, त्याच जातीचा शब्द.

केतकीवन
धागा छान आहे, पण मला एक खटकतंय. पायऱ्या झाडणाऱ्या त्या माणसाचा फोटो काढताना त्याला विचारलं होतं का? आपण लोकांच्या आयुष्याची गंमत करतोय असं वाटतं. पुण्यात आमच्या वाड्यासमोर उभं राहून परदेशी पाहुणे पाणी भरणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे, तेव्हा आजीला किती राग यायचा ते मी पाहिलंय. आता आपणही तेच करायचं?

बकुळगंध
@केतकीवन, तो चौकात, सगळ्यांनी बघावं म्हणूनच झाडत होता. पण विचारलं नव्हतं, हे खरं आहे. इथे टाकताना चेहरा झाकलाय.

राइनकाठ
केतकीवन यांच्याशी मी सहमत आहे, आणि इथला कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. ज्याचा चेहरा दिसतो त्याच्या संमतीशिवाय सहसा फोटो प्रसिद्ध करता येत नाही, हा नियम १९०७ सालचा. त्यामागची हकीकत अशी: १८९८ मध्ये जर्मनीचे पहिले चान्सलर बिस्मार्क वारले तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्यांच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. घरच्यांनी कोर्टात धाव घेतली. नंतर जो कायदा झाला त्याला या प्रकरणाची पार्श्वभूमी होती. इथली माणसं वर्गाच्या फोटोसाठीसुद्धा पालकांची सही का मागतात, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

निळीसायकल
@केतकीवन, बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी म्हणूनच दारं आणि पाट्याच टिपते. या धाग्यावर यापुढे ओळखू येणारे चेहरे नकोत, असं ठरवूया का? गंमत करण्याचा मात्र माझा हेतू नाही. मला या गोष्टींचं मनापासून कौतुक वाटतं.

एक फोटो माझ्याच लेकीचा, पाठमोरा. तिच्याएवढाच उंच, चमकीच्या कागदाचा शंकू तिनं दोन्ही हातांनी कवटाळलाय. पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलांना हा खाऊनं, पेन्सिलींनी भरून देतात. देशभर त्याला शूलट्यूटे म्हणतात, शाळेची पुडी. आमच्या झाक्सन (सॅक्सनी) राज्यात त्सुकरट्यूटे, साखरेची पुडी, आणि पूर्वेकडची पुडी सहाकोनी असते. मुलांना सांगतात की शाळेच्या तळघरात एक झाड आहे, त्यावर या पुड्या लागतात. पुड्या पुरेशा मोठ्या झाल्या की समजायचं, शाळेत जायची वेळ झाली. शनिवारी समारंभ होतो, आजी-आजोबा लांबून येतात. बाबांना येता आलं नाही. त्यांनी कुरियरनं कंदी पेढे पाठवले, ते आम्ही पुडीच्या अगदी टोकाशी तळाला ठेवले. सगळं संपल्यावर शेवटी तेच हाती लागले.

पावशेर
कंदी पेढे _/\_

घाटमाथा
श्टुटगार्टहून. माझा फोटो: आमच्या दाराच्या मुठीला अडकवलेली लाकडी पाटी, तिच्यावर "केअरवोखे". केअर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. झाडूचा आठवडा! ज्याच्या दाराला पाटी, त्याची पाळी. छोटी केअरवोखे म्हणजे आपल्या मजल्यासमोरचा जिना. मोठी म्हणजे अंगण, तळघराची वाट, समोरचा फूटपाथ, हिवाळ्यात बर्फसुद्धा. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. बोलावं लागत नाही, पाटी बोलते.

पहिल्या वेळी मी शनिवारी सकाळी भारतीय पद्धतीनं पाणी ओतून जिना धुतला. खालच्या आजीबाई बाहेर आल्या, मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या आत गेल्या आणि कोरडं फडकं घेऊन आल्या, मग दोघांनी मिळून पुसला. त्यांनीच सांगितलं की आमचं श्टुटगार्ट आणि तुमची मुंबई १९६८ पासून जोडशहरं आहेत. मी डोंबिवलीचा, मला पत्ता नव्हता.

दोनकटिंग
आमच्या सोसायटीत अशी पाटी फिरवून बघायला हवी. पाटी कोणाच्या दाराशी मुक्कामाला राहील ते आत्ताच सांगू शकतो :)

शब्दखूळ
पुण्यात अनेक वर्षं जर्मन शिकवते, त्यामुळे बोलल्यावाचून राहवत नाही.

केअरवोखेसारखे जोडशब्द बघून मुलं घाबरतात. मी त्यांना सांगते, घाबरू नका, हा आपला समास आहे. शेवटचं पद मुख्य, आधीची पदं त्याचं वर्णन करणारी, आणि लिंग शेवटच्या पदाचं. तत्पुरुष ज्याला येतो त्याला जर्मन जोडशब्द सोडवता येतो, फक्त उजवीकडून सुरुवात करायची. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात १९९९ साली गोमांसावरच्या लेबलांच्या देखरेखीचा एक कायदा झाला, त्याचं नाव रिंडफ्लाइशएटिकेटियेरुंग्सयूबरवाखुंग्सआउफगाबेनयूबरट्रागुंग्सगेझेत्स. रोमन लिपीत ६३ अक्षरं. २०१३ मध्ये तो रद्द झाला, पण मी अजून फळ्यावर लिहिते. शेवटी "गेझेत्स" म्हणजे कायदा. कसला? सोपवण्याचा. काय सोपवण्याचा? कामं. कसली? देखरेखीची. कशावर? लेबलांवर. कशाच्या? गोमांसाच्या. वर्गातल्या बाकांवर एकेक पद वाटून देते, मुलं मागून पुढे अर्थ लावत येतात आणि शेवटच्या मुलापाशी वाक्य पूर्ण होतं.

माझा फोटो मात्र साधा आहे. हिवाळ्यात कुंपणाच्या टोकावर कोणीतरी अडकवून ठेवलेला लहान मुलाचा एकच हातमोजा. सापडलेली वस्तू अशी डोळ्यांसमोर, उंचावर ठेवायची ही तिथली रीत. जर्मन त्याला हांडशू म्हणतात, हाताचा बूट. सगळे हसतात या शब्दाला. पण आपण काय म्हणतो? हातमोजा! त्यांनी बूट हातात घातला, आपण मोजा. मला हे दोन शब्द सख्ख्या भावंडांसारखे वाटतात.

सुपारीफूल
@शब्दखूळ, लिंगाचा विषय काढलात म्हणून लिहितंय. सगळे तक्रार करतात की जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी कशी, "दास मेडशेन". अहो, आमच्या मालवणीत काय आहे? चेडू! "ता चेडू खंय गेला?" मुलीला नपुंसकलिंगच. गोव्याकडे कोकणीतही "तें चेडूं". माझ्या आजीनं मला आयुष्यभर "ता" म्हटलं, त्यात केवढी माया होती. वर्गात मास्तरीणबाईंनी दास मेडशेन शिकवलं तेव्हा बाकीचे डोकं खाजवत होते आणि मला आजीची हाक ऐकू आली.

शब्दखूळ
सुपारीफूल, हे उद्याच वर्गात सांगते. जर्मनमधलं कारण असं की "शेन" हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, मग तो कोणाचाही असो. आपलं "लेकरू", "पोरगं", "वासरू" हेही तसंच. लहान आणि जिव्हाळ्याचं ते "ते".

तांबडीमाती
सगळं गोड चाललंय, पण मला थोडं वेगळं सांगायचंय. मी सांगलीकडची, इथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. माझ्यासाठी शब्द म्हणजे गंमत नव्हती. पहिल्या महिन्यात दारावर हिरव्या दिव्यात "नोटाउसगांग" वाचून मला वाटलं इथून जायचं नाही. इंग्रजीतला "नॉट" डोक्यात होता ना. नोट म्हणजे संकट, आउसगांग म्हणजे बाहेर जायची वाट. आग लागली तर जीव वाचवणारं दार, आणि मी त्याला बंद दार समजत होते! फोटो काढून शब्द गोळा करणं ज्यांना वेळ आहे त्यांचं काम, आम्हाला शब्द लगेच लागतात.

एका गोष्टीत मात्र मराठीनं हात दिला. इथे पंचवीस म्हणताना आधी पाच, मग वीस: फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिग. माझ्याबरोबर केरळच्या मुली होत्या, त्यांच्या भाषेत वीस आधी. रक्तदाबाचे, औषधाचे आकडे ऐकून लिहिताना त्यांना फार त्रास झाला, पंचवीसचे बावन्न होऊ नयेत म्हणून सारखं पुन्हा विचारावं लागायचं. मला मात्र पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशी पाच आधी ऐकायची सवय घरचीच. बाईंनी विचारलं, तू इतक्या लवकर कशी शिकलीस? मी सांगितलं, पाढे.

निळीसायकल
तांबडीमाती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पटलं. हे बाबांना वाचून दाखवणार आहे.

पावशेर
नोटाउसगांगची माहिती सगळ्या नवीन येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी द्यायला हवी.

मोडीलिपी
एक वेगळा फोटो टाकतो, हांबुर्गचा. आमच्या दारासमोरच्या फूटपाथमध्ये बसवलेले पितळी पत्र्याचे चार चौकोनी दगड, प्रत्येकी १० सेंटीमीटरचे. प्रत्येकावर सुरुवातीला "हीअर वोन्टे", इथे राहत होते. मग नाव, जन्मवर्ष, कधी नेलं, कुठे मारलं. एकाच कुटुंबातली चार माणसं. धाकटीचं जन्मवर्ष आणि मृत्यूचं वर्ष यांत पाचाचं अंतर.

यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, ठेचेचा दगड. गुंटर डेमनिग या कलावंतानं १९९२ मध्ये कोलोनमध्ये पहिला बसवला. २०२३ मध्ये न्युर्नबेर्गला एक लाखावा बसला. नाझींनी मारलेल्या माणसांची ही स्मारकं, ज्या घरातून त्यांना नेलं त्याच घरासमोर. म्युन्शेन (म्युनिक) शहर मात्र सार्वजनिक फूटपाथवर परवानगी देत नाही. तिथल्या ज्यू समाजातल्या काही जणांना वाटतं की त्या नावांवर पुन्हा लोकांचे पाय पडू नयेत. मला दोन्ही बाजू कळतात.

अक्षरं बारीक आहेत, वाचायचं तर मान खाली घालावी लागते. दरवर्षी ९ नोव्हेंबरला आमच्या इमारतीतले लोक दगड घासून चकचकीत करतात, मेणबत्ती लावतात. गेल्या वर्षी मीही पितांबरी घेऊन गेलो. तिथं कोणी फारसं बोलत नव्हतं.

केतकीवन
पितांबरी वाचून डोळ्यांत पाणी आलं.

बकुळगंध
_/\_

सुपारीफूल
आमच्याकडे ठेच लागली की "आई गं" म्हणतात. ठेचेचा दगड हे नाव किती विचारानं ठेवलंय.

घाटमाथा
मोडीलिपी, धन्यवाद. यानंतर काही हलकं लिहायला संकोच वाटतोय, पण हंगाम संपायच्या आत सांगायला हवं: पांढऱ्या श्पार्गेलचे, म्हणजे शतावरीच्या कोवळ्या कोंबांचे, फोटो कोणी टाकलेच नाहीत! मातीच्या वरंब्याखाली वाढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून पांढरे. २४ जूनला काढणी थांबते, झाडाला पुढच्या वर्षासाठी विश्रांती हवी म्हणून. त्या दिवसाला श्पार्गेलझिल्व्हेस्टर म्हणतात, झिल्व्हेस्टर म्हणजे वर्षाची शेवटची रात्र. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की हापूस संपला म्हणतात, त्याच सुमाराला यांचं वर्ष संपतं.

दोनकटिंग
हापूसझिल्व्हेस्टर! हा शब्द आजपासून मराठीत घेतला.

पावशेर
मंडळी, धागाकर्तीनं तिसऱ्या फोटोबद्दल खरा प्रश्न विचारला होता, तो राहिलाच. हाल्ब द्राय म्हणजे अडीच का?

शब्दखूळ
माझीच चूक, मी हातमोज्यात गुंतले.

निळीसायकल, खूण तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही दोन्ही वेळा "अडीच" लिहिलंत. हा शब्द संस्कृत "अर्धतृतीय" वरून, प्राकृतातून आपल्याकडे आला. अर्धतृतीय म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे. दोन पुरे, तिसरा अर्धा. हाल्ब द्राय अक्षरशः तेच सांगतं: तिसरा तास अर्धा झालाय. अर्धा आणि तीन मिळून अडीच कसे, या प्रश्नाचं उत्तर "अडीच" हाच शब्द.

आपण "साडे" म्हणतो ते "सार्ध", अर्ध्यासहित. साडेतीन म्हणजे तीन आणि वर अर्धा. म्हणजे झालेलं मोजून पुढे जायची रीत आपल्याकडे आहे आणि चालू असलेलं मोजायचीही आहे. जर्मननं तासांसाठी दुसरी धरली. दीडसाठी त्यांचा शब्द आहे "आंडरटहाल्ब". त्यात "आंडर" म्हणजे जुन्या अर्थानं दुसरा. दुसरा अर्धा, म्हणून दीड. रोमन लोकांचं सेस्टर्शियस नावाचं नाणं सुरुवातीला अडीच आसांचं (आस हे त्यांचं लहान नाणं) होतं, त्याच्याही नावात "तिसरा अर्धा" दडलेला आहे.

तेव्हा खूण एवढीच: हाल्ब ऐकलं की साडे म्हणू नका, अडीच आठवा.

तांबडीमाती
हे मला पहिल्या पाळीच्या आधी कळायला हवं होतं!

घाटमाथा
आमच्या दक्षिणेत आणि तुमच्या पूर्वेतही याच्या पुढची पायरी आहे. सव्वादोनला "फिर्टेल द्राय", पाव तीन. पावणेतीनला "द्रायफिर्टेल द्राय", पाऊण तीन. म्हणजे तिसरा तास पाव भरला, अर्धा भरला, पाऊण भरला. पेल्यात दूध ओतल्यासारखं. उत्तरेकडच्या जर्मनांनासुद्धा हे चटकन कळत नाही.

निळीसायकल
काल रविवार होता. सगळं बाबांना वाचून दाखवलं. अडीचपाशी आले आणि त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "अगं, मग औट विसरलात की!"

औट म्हणजे साडेतीन. तेही अर्धचतुर्थ, ज्यातला चौथा अर्धा. बाबा लहान असताना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करायला लागायचे. त्यांनी ते शाळेत शिकवायचे बंद झालेले पाहिले. "औटघटकेचं राज्य" एवढ्यापुरताच शब्द उरला, असं म्हणत होते. आणि आता जर्मनीतल्या बेकरीच्या पाटीवर त्याचा भाऊ निघाला म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. म्हणाले, "म्हणजे साडेतीनला ते हाल्ब चार म्हणणार. हा औटच की!" हाल्ब फिअर, हो बाबा, बरोबर.

मग लेकीला फोन द्यायला सांगितला. ती इथल्या शाळेत घड्याळ शिकतेय, हाल्ब द्राय तिला मराठी साडेच्या आधी येतं. आजोबांनी तिला औटकी शिकवायला घेतली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. तिथे गाडी अडली. पाच औट किती, हे पुढच्या रविवारपर्यंत तिनं स्वतः शोधायचं आहे. बोटं मोजत बसली आहे, आणि मला सांगायला मनाई केलीय.

केतकीवन
आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा फोटो टाकतेय. चेहरा कोणाचाच नाही, फक्त घड्याळाचा. औट वाजलेत.

दोनकटिंग
मी आत्ता कागदावर करून बघितलं. साडेसतरा. लेकीला सांगू नका.